खुणा मी पुसल्या नाहीत

मी साबण लावला नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कुणी मानलं नाही. नवऱ्यानं नाही, दवाखान्यातल्या मॅडमनं नाही, गाडीतल्या बायांनी तर नाहीच. रोज तिसगावहून नगरला जाणारी आमची ती गाडी म्हणजे किश्शांचं पोतं. आजारी बायांना रस्त्यात बोलण्याशिवाय दुसरं काम काय? पण माझ्या खुणांचा किस्सा सांगायचा, तर आधीचे दोन-चार सांगावे लागतात.

* * *

पहिला हाताचा. डाव्या छातीचं ऑपरेशन होऊन गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता लाईट द्यायची. लाईट म्हणजे मशीनचा शेक. त्यासाठी हात डोक्यावर नेऊन निपचित पडावं लागतं, आणि माझा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चालवत हात चढवायचा, असा व्यायाम दिला. मी कंटाळा करते हे बघून आमच्या मालकांनी अंगणातली कपड्यांची दोरी रोज थोडी वर बांधायला घेतली.

"वाळत घाल, न्हाईतर ओली नेस," म्हणाले.

शिव्या देत देत माझा हात वर गेला.

सिंधूचा गेला नाही. सिंधू आमच्याच आळीतली. दुखणं तेच, बाजू उजवी. तिचा हात कानापाशी अडायचा. तो वर जात नाही तोवर तिची लाईट सुरू होणार नव्हती, म्हणून ती नुसती व्यायामाला रोज आमच्या गाडीत यायची. तोंड मात्र तिचं कुठंच अडत नव्हतं.

* * *

मग खुणांचा दिवस. छातीवर आणि काखेच्या बाजूला पेनानं जांभळ्या फुल्या काढल्या. त्यांच्यावरच मशीन नेम धरणार. खुणा काढणाऱ्या मॅडमनं बजावलं, साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, चोळायचं तर मुळीच नाही. पुसल्या तर सगळं माप नव्यानं, आणि तोवर लाईट बंद. मधे खंड पडलेला चांगला नाही.

खंड पडला तर काय होईल, ते मी विचारलं नाही. उत्तर त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ऐन उन्हाळ्यात मी छातीला पाणी लावायचं सोडलं. सिंधू म्हणाली, "कमळे, तुझ्यापरीस गोठा बरा."

* * *

पहिल्या लाईटीला सगळे बाहेर गेले आणि ते जाड दार लागलं. आत मी एकटी, हात डोक्यावर, मशीन माझ्याभोवती फिरतंय. हलू नका म्हणाले होते, म्हणून मी श्वासच धरून ठेवला.

स्पीकरमधून मशीनवाल्या पोराचा आवाज आला, "मावशी, श्वास घ्या. आम्हाला तुम्ही जिवंत पाहिजे."

बाहेर आल्यावर त्याला म्हणाले, "मला बी."

* * *

पुढं कातडी काळी पडली, काखेत आग सुरू झाली. ब्लाऊज सोडून मी मालकांचा जुना सुती सदरा घालू लागले. मागच्या सीटवर आम्ही कोंबलेल्या, कुणाचं कोपर लागलं की जीव जायचा. पुढची सीट सिंधूची, कारण तिला गाडी लागते. त्या सीटसाठी तिनं एकदा आमच्या ड्रायव्हरच्या, बबनच्या, सासऱ्यालाही उठवलं होतं.

तीच सिंधू एक दिवस खाली उतरली. "बस पुढं. मागं मरशील," म्हणाली. स्वतः मागं बसली, नाकाशी लिंबू, मांडीवर कॅरीबॅग. बबनला पोलिसांचं भ्या, पुढच्या माणसाला सीटचा पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. त्यानं मला पट्टा लावला आणि निघालो.

* * *

त्याच आठवड्यात खुणा जायला लागल्या. आधी फिकट झाल्या, मग छातीवरच्या गायबच. काखेतली मात्र शाबूत. मॅडमनी जुळवून पुन्हा काढल्या आणि सांगितलं, आता गेल्या तर लाईट थांबवणार.

घरून निघताना होत्या, म्हणाले मी. मग रस्त्यात आंघोळ केली का, असं त्यांनी विचारलं. मालकांनी घरातल्या साबणाच्या वड्या लपवल्या. सिंधू लिंबू हुंगत म्हणाली, "कबूल कर की. वास कमी झालाय तुझा."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी तिला घरात ओढलं, सदरा वर केला.

"बघ. हायेत का?"

"हायेत."

नगरला उतरल्यावर तिला बायकांच्या संडासात नेलं. पुन्हा सदरा वर केला. मधली फुली नव्हती. सिंधूनं नाकाशी धरलेलं लिंबू खाली घेतलं आणि सदऱ्याच्या आत बघितलं.

मी तशीच डॉक्टरीणबाईंपुढं गेले, सदरा काढून उलटा धरला. आतून जांभळा डाग, डाव्या खांद्यापासून तिरका खाली.

"पाणी तिरकं पडतं व्हय?" मी विचारलं.

बाईंनी डाग बघितला, मला बघितलं. "गाडीत कुठं बसता?"

"पुढं. पट्टा लावून."

काखेची खूण राहिलीय, तिच्यावरून जुळवू, आजची लाईट चुकणार नाही, म्हणाल्या. तेव्हा कुठं मी सदरा अंगात घातला.

मालक त्या दिवशी बरोबर होते. त्यांनी बबनला आत ओढून आणलं, पट्टा ह्यानंच आवळला म्हणाले. बबननं पोलिसांवर ढकललं.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "ह्यांना पुढं बसवलं कुणी?"

मग दारापाशी एक हात वर झाला. उजवा. कानापाशी थांबला नाही, लाईटीला लागतो तसा सरळ पंख्याकडं गेला. मुठीत लिंबू होतं.

बाई त्या हाताकडं बघतच राहिल्या. "कुणी?" त्यांनी परत विचारलं.

मी म्हणाले, "सिंधूनं."