पयले वाचून दाखवा

त्या बाईला मी एकदाच पाहिलं, बार्शीटाकळीत. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनविसापाशी मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे ती होती, साठीची, काटक. शेजारी तिचा थोरला भाऊ. निराधार योजनेचा अर्ज आहे, असं सांगून त्यानं तिला आणलं होतं.

अर्जनविसानं शाईची डबी पुढे सरकवली. बाईनं अंगठा मुठीत दाबून धरला.

"पयले वाचून दाखवा."

"सगळे असेच अंगठे लावतात," तो म्हणाला.

भाऊ हसला. "तुले काय समजते त्यातलं?"

"वाचता येत नाई मले. आयकू तर येते."

ती टेबलासमोरून हलेना. मागं चुळबुळ सुरू झाली. मीही घड्याळ पाहिलं, त्याची आज लाज वाटते. शेवटी अर्जनविसानं वैतागून कागद वाचला. बापाच्या शेतातला हिस्सा ती राजीखुशीनं भावाला सोडत होती.

बाईनं डबीचं झाकण लावलं.

"दादा, मी राजी बी नाई अन् खुश बी नाई. मंग अंगठा माहा काहून पायजे?"

आणि ती एकटीच बसस्टँडकडे चालू लागली.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हक्क जन्मतःच मिळतात, हे वाक्य दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. ते मिळवायला असं अडून उभं राहावं लागतं, हे मी कधी शिकवलं नव्हतं.

ती गेली तेव्हा रांगेतला माझ्या मागचा म्हातारा हातातला कागद पुढे करत म्हणाला, "गुरुजी, यात काय लिवलं हाय?"