सात नंबरचा नमुना

माझ्या फोनला मी मनापासून वैतागलेली आहे, आणि तो जरा हातातून सुटला की मला चैन पडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मागे एकदा दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेली असताना मी एका हाताने 'हो, आजच पाठवतील' असं टाइप करत होते. डॉक्टर म्हणाल्या, जरा तो बाजूला ठेवता का. ठेवला, आणि पुढची दहा मिनिटं दातापेक्षा फोनच जास्त ठणकला.

फोन म्हणजे माझा ग्रुप. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून मी तो सुरू केला. एका बाजूला घरबसल्या काम करणारी माणसं, म्हणजे भाषांतर, डीटीपी, लोगो, वेबसाइट असली कामं करणारी. दुसऱ्या बाजूला अशी कामं करून हवी असलेले आणि त्याचे पैसे देणारे लोक. मधे मी. तेव्हा मी स्वतः मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करायचे आणि बरी करायचे. काम एकटीला झेपेना म्हणून चार मैत्रिणींना वाटायला लागले. त्या चारांचे चारशे कधी झाले ते कळलंच नाही.

पहिल्याच वर्षी कुणीतरी कुणाला तरी म्हणालं की चांगली कामं ताई स्वतःकडेच ठेवतात. माझ्यापर्यंत ते यायला अर्धा तास लागला. राग माझ्या नाकावर असतो. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'आजपासून या ग्रुपवर आलेलं एकही काम मी घेणार नाही.' खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. सभासद वर्षाची वर्गणी देतात, त्यात माझं भागतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण त्या दिवसानंतर मी भाषांतराची एक ओळ लिहिली नाही.

दुसरा नियमही रागातूनच आला. शहरातल्या एका वसाहतीत राहणाऱ्या एका मुलीची डिझाइनं मी एका कारखानदाराला पाठवली होती. त्यांना ती फार आवडली. मग त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, आडनाव काय म्हणालात? मी सांगितलं. 'बरं, बघतो,' म्हणाले, आणि ते बघणं आजतागायत चालू आहे. तेव्हापासून आमच्याकडे नमुन्यावर नाव जात नाही, फक्त नंबर जातो. नंबर मी घालते, आणि कोणता नंबर कुणाचा हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नसतं; निवड झाली की फक्त निवडलेल्याचं नाव कळवते. शिवाय ज्याला नाकारायचं त्याच्यासाठी क्लायंटने कारणाची एक ओळ द्यायचीच. ती मी शब्दशः उतरवून घेते आणि त्या माणसाला कळवते. या नियमाचा मला फार अभिमान होता.

बाकी सगळ्याचा कंटाळा आला होता. लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीपाशी, सख्ख्या बहिणीशी बोलताना मधेच, 'ताई, काही काम आहे का?' क्लायंटने फोन नाही उचलला की मला फोन, डिझायनर आजारी पडला की मला फोन. सगळे माझ्या शब्दावर एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे शब्द परत घेऊन निघून जायची सोय नव्हती. मला कुणी बांधून घातलेलं नव्हतं. नियम माझे, टेबल माझं, आणि उठता मात्र येत नव्हतं.

अशात एक दिवस पिंपळगावचे एक द्राक्ष बागाइतदार घरी आले. सत्तरी ओलांडलेले, शेतकीचे पदवीधर, इंग्रजी मासिकं वाचणारे, बोलणं मात्र अस्सल तिकडचं. कापडी पिशवीतून त्यांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला. बागेत रोज काय दिसलं ते त्यांनी वर्षानुवर्षं वहीत लिहिलं होतं. छाटणी, ढग, पानांचा रंग, मजुरांची भांडणं, सगळं. त्याचं त्यांना इंग्रजी पुस्तक करायचं होतं. द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसला बाहेरदेशचे खरेदीदार यायचे, बाग कशी राखता म्हणून विचारायचे. 'दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं बघा,' म्हणाले. नमुन्यासाठी त्यांनी एक पान निवडून दिलं.

ते गेल्यावर मी पान वाचलं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आठवडाभर आभाळ भरून राहिलं, त्या वर्षाची नोंद होती. फुटलेले कोवळे घड वेलीतच जिरून गेले आणि त्यांच्या जागी नुसते वळलेले तंतू उरले. रोज सकाळी जाऊन ते एकेक वेल बघत होते आणि रोज घड कमी दिसत होते. एवढंच. पण मी खुर्चीतून उठले नाही. किती वर्षांनी वाचता वाचता माझ्या डोक्यात आपोआप इंग्रजी वाक्यं जुळत होती. मला ते पुस्तक हवं होतं. दुसरं काही नको होतं.

नियमाप्रमाणे पान ग्रुपवर टाकलं. सहा नमुने आले. त्यांना एक ते सहा नंबर दिले आणि सातवा माझा घातला.

चार दुपारी मी त्यावर घालवल्या होत्या. फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. चोरी करतेय असं वाटत होतं, आणि ती चोरीच होती. मनाशी हिशेब असा, की निवड झाली तर आधी ग्रुप सोडायचा, मग सगळ्यांना खरं सांगून काम घ्यायचं. ग्रुपवर न टाकता त्या बागाइतदार काकांकडून थेट काम मागून घेता आलं असतं. पण मला ओळखीवर नको होतं. नाव न कळता कुणीतरी मला निवडावं असं वाटत होतं, आणि निवडतील याची मनातून खात्रीही होती.

त्या खात्रीच्या भरात मी एक घाई केली. ग्रुपचं काम सांभाळायला माझ्या मदतीला एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, डीटीपी करतात, स्वभावाने सोनं. त्यांना म्हटलं, एक तारखेपासून ग्रुप तुम्ही बघा, मी बाहेर पडते. नमुन्याचं काही बोलले नाही. तूर्त तुमच्यापाशीच ठेवा, एवढं सांगायचं मात्र राहिलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला निरोप समारंभाशिवाय कुणी जातं हे पटतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर 'ताई निवृत्त होत आहेत' अशी नोटीस, दुपारपर्यंत हॉल ठरलेला, शाल-श्रीफळाचं ठरलेलं. निमंत्रणपत्रिका कुणी करायची यावर डिझायनर मंडळींत जुंपली, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे आपापले नमुने नाव न घालता माझ्याकडेच पाठवले. माझ्याच निरोपाच्या पत्रिकेला मी नंबर घातले आणि ज्या पाच नाकारल्या त्यांच्यासाठी कारणं लिहिली. त्या आठवड्यात मी खुशीत होते. गॅलरीत उभी राहून एकटीच हसायचे.

समारंभाला तीन दिवस असताना काकांचा फोन आला. मी वही-पेन घेतलं. एकेका नंबराचं कारण ते नीट विचार करून सांगत होते. तीन नंबर पक्का, म्हणाले. दोन ठिकाणी चुकलाय, ते मी सांगीन त्याला, पण त्या माणसाला ती सकाळ कळलीय. मग चार, पाच, सहा. मी लिहीत होते.

'आन सात नंबर,' ते म्हणाले. 'चूक एक नाय काढता येत. लय स्वच्छ इंग्रजी हाय. पण ताई, वाचताना नोटीस वाचल्यासारखं वाटतं. कुणीतरी सूचना देतंय आपल्याला असं.'

मी ते शब्दशः उतरवून घेतलं. ठीक आहे काका, कळवते, म्हटलं. फोन ठेवून मी माझं पान काढलं आणि परक्याचं असावं तसं वाचलं. म्हातारा बरोबर बोलत होता. वाक्यं सरळ, आखीव, प्रत्येकाला शेवटी नीट पूर्णविराम. घड जिरल्याचं वाक्यही असं होतं की जणू सभासदांना वेळापत्रकातला बदल कळवायचा आहे. इतकी वर्षं मी दुसरं लिहिलं तरी काय होतं? 'सर्वांनी नोंद घ्यावी.' 'उद्या सहापर्यंत पाठवावे.' 'मुदतीनंतर आलेला नमुना स्वीकारला जाणार नाही.' मी समजत होते की ग्रुप माझा वेळ खातोय, काम आतमध्ये जसंच्या तसं शिल्लक आहे, बाहेर पडले की हातात येईल. ते शिल्लक नव्हतं. मला भयंकर भीती वाटली. रडूही आलं नाही. आमटी उतू गेली तेव्हा उठले.

संध्याकाळी मी बँकवाल्यांना फोन करून सांगितलं की मी जात नाही. का, विचारलं त्यांनी. खरं कारण जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं तर सात नंबर कुणाचा हे सांगावं लागलं असतं, आणि नंबर घालणारीनेच आपला नमुना मधे सरकवला हे एकदा बाहेर पडलं, तर चारशे माणसांनी त्या नंबरांवर विश्वास का ठेवावा? ज्या मुलींना आडनावाशिवाय काम मिळतंय त्यांनी काय करायचं? मी म्हटलं, इतक्या माणसांना सोडून जाववत नाही हो. ते म्हणाले, 'ताई, मला माहीतच होतं.' ते अगदी मनापासून बोलत होते, आणि मला स्वतःची किळस आली.

हॉल ठरलेलाच होता. तेव्हा निरोपाच्या जागी सत्कार झाला. निमंत्रणपत्रिकेवर 'निरोप' शब्दावर कागदाची पट्टी चिकटवून 'कृतज्ञता' केलं होतं. चाळीसेक माणसं आली, कितीतरी जण एकमेकांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. ताई आमच्यासाठी थांबल्या, असं पाच जण माइकवर बोलले. मी शाल घेऊन पुढच्या खुर्चीत बसले होते, आणि एप्रिलमधल्या नाशिकच्या दुपारी ती शाल काढताही येत नव्हती.

तीन नंबरची बाई चांदवडहून एसटीने आली होती. पस्तिशीची, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात आधी पत्रव्यवहार बघायची, आता घरून काम करते. काकांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिला सगळे नमुने दाखवले होते, कुणी कसं केलंय ते बघ म्हणून. चहाच्या वेळी ती मला बाजूला घेऊन गेली.

'ताई, नाव विचारत नाय, नियम हाय मला माहिती,' ती म्हणाली. 'पण त्या सात नंबरला माझा एक निरोप द्याल का? त्यांच्यासारखं इंग्रजी मला जन्मात जमायचं नाय. दोन दिवस मी त्यांचंच पान बघून माझ्या चुका नीट केल्या. त्यांना म्हणावं, नाय म्हटले म्हणून सोडू नका. रोज थोडं आपल्या मनाचं लिहीत जा, दुसऱ्या कुणाला दाखवू नका.'

'सांगते,' मी म्हटलं.

ती पाया पडायला वाकली, तिला मी मधेच धरलं, आणि तिच्या खांद्यावर मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या मायेने रडतेय.