पूजलेल्या मशीनवर बूट

घोट्याचं प्लास्टर निघालं आणि मुलाने जाहीर केलं, "आई, चौथा मजला आता तुला झेपायचा नाही. लिफ्टही नाही. हे विकू, तळमजल्यावर घर बघू." अरे वा! गोडदेव भागातल्या या घरात माझी तीस वर्षं गेली. एका पायापायी सोडू होय? कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत मी चढत होते, हे खरं. पण चढत होते ना!

डॉक्टर म्हणाले होते, पोटऱ्यांत ताकद आणा. म्हणून कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं. साठीची बाई बघून पोरं गालात हसली. हसा म्हटलं, दात आहेत तोवर हसून घ्या.

पोटरीचं मशीन सोपं. बसायचं, मांड्यांवर गादी, चवडे पट्टीवर, टाचा अधांतरी. टाचा उचलल्या की वजन वर जातं. पण आदल्याच दिवशी दसरा झालेला. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजलेल्या वस्तूवर बूट ठेवायचे? छे! ट्रेनरबाईंची पाठ वळताच मी बूट काढले. तिसऱ्याच वेळी मोजा सटकला, गादी दाणकन मांडीवर आली आणि पोटरीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ट्रेनरबाई धावल्या, खटका लावून वजन अडवलं. "आंटी, जूते क्यूँ उतारे?"

"पूजा हुई है ना इसकी!"

"पूजा इसीलिए तो की, कि किसी को लगे नहीं!"

मी लंगडत घरी आले. मुलाने लगेच तोंड सोडलं. "झाली हौस? तुळशीचं लग्न झालं की एजंटला बोलावतो." त्या दिवशी मला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला.

पोटरीची कळ थांबल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा गेले. मशीनला हात लावून कपाळाला लावला आणि बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या. वजन निम्मं. टाचा सावकाश खाली, सावकाश वर, वर दोन अंक मोजेपर्यंत थांबायचं. हिसका नाही. उठण्याआधी खटका लावायचा. एक दिवसाआड गेले, एकदाही चुकवलं नाही.

एजंट आला, सोबत गिऱ्हाईक, तिशीतला माणूस. मुलगा म्हणाला, "तू खालीच बस, मी दाखवून आणतो." मी ऐकते होय! पुढे झाले. कठड्याला हात न लावता, एका पायरीवर एकच पाऊल. तिसऱ्या मजल्यावर मागे धापा ऐकू आल्या. वर पोचून मी कुलूप काढलं आणि दारात उभी राहिले.

गिऱ्हाईक घाम पुसत आलं. मी मुलाकडे बघतच गिऱ्हाइकाला विचारलं, "लिफ्ट नाही हो इथे. तुम्हाला झेपेल का?"