एस्तरअक्कांचं नाव

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तेव्हा कुणी असं काही सांगायला लागलं की मी थट्टाच करायचो...

साल अठ्ठ्याऐंशी. मी जळगावात बँकेत कारकून, आणि नाद जुन्या हिब्रू पुस्तकांचा. अक्षर कळायचं नाही, पण आधीच्या मालकांचा माग लागला की मुंबईचे ग्राहक पुस्तकावर तुटून पडत. एकदा रद्दीच्या दुकानात तीनेकशे वर्षांपूर्वी छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक मिळालं. कोऱ्या पानावर मराठीत चार पुरुषांची नावं, खाली ‘धुळे’.

एसटीने धुळ्याला गेलो. विचारत विचारत एस्तरअक्का सापडल्या — बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, ऐंशीच्या घरात, एकट्या. जळगावला वारलेल्या भावाच्या खोलीतून पुस्तक रद्दीत गेलं होतं. अक्कांनी त्याला हात लावून बोटं ओठांना टेकवली.

“आजोबा, बाबा, दोघं भाऊ... मुलीचं नाव लिहायची आमच्याकडे रीत नव्हती. माझ्यामागे कुणी नाही. पुस्तक तुम्हीच ठेवा, भाऊ. फक्त खाली माझं नाव लिहा. माझा हात कापतो.”

चौघांची माहिती मी उतरवून घेतली, चहा प्यालो. पण नवी शाई दिसली की ग्राहक नाक मुरडतात! म्हणालो, “घरी टाकाने नीट लिहितो, अक्का. रविवारी दाखवायला आणतो.”

गरज सरो, वैद्य मरो. गेलोच नाही.

तीन महिन्यांनी मुंबईच्या एका ग्राहकाने अक्कांच्या भावाचा फोटो मागितला, म्हणून पुन्हा गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “अक्का गयी, भाऊ. दर रविवारले दारमा बशे, तुमनी वाट दखे.”

वाईट वाटलं. खरं सांगतो, फोटो हुकल्याचं जास्त.

घरी येऊन कपाट उघडून पुस्तक काढलं. चार नावांखाली पाचवं — एस्तर. मला भीती नाही, संताप आला. माल खराब झाला ना! ब्लेडने खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. पुन्हा खरवडलं. तिसऱ्या वेळी कागदाला भोक पडलं.

ग्राहक आला. भोकाच्या कडेला उरलेला शेवटचा ‘र’ त्याने भिंगातून बराच वेळ पाहिला.

“ही शाई वरच्या नावांइतकीच जुनी आहे. कुणाचं नाव होतं?”

“शेवटच्या दोघांच्या बहिणीचं.”

“अशा पुस्तकात बाईचं नाव मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. खरवडलंत कशाला?” पुस्तक न घेताच तो गेला.

कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे. नाव कुणी लिहिलं, याचा उलगडा आजवर झालेला नाही. खोडलं कुणी, ते ठाऊक आहे. मी रोज ते पान उघडून बघतो. नाव परत आलेलं नाही.