कलमवाल्याचा फोटो

त्या साली कापसाने सगळ्यांनाच दगा दिला होता आणि पाण्याअभावी जुन्या बागाही वाळत होत्या. ज्यांच्या विहिरीत थोडंफार उरलं होतं ते नव्याने संत्रा लावायच्या मागे होते. आमचा संत्रा बागायतदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. अकोल्यापासून वरुडपर्यंतची माणसं त्यात. निम्मा दिवस 'सुप्रभात' करण्यात जायचा, उरलेला फवारणीवरून भांडण्यात.

एकदा ग्रुपवर जाहिरात आली. अर्ध्या किमतीत संत्र्याच्या कलमा, घरपोच, पैसे मात्र आधी. सोबत एका माणसाचा हसरा फोटो. पुष्कळांनी पैसे पाठवले आणि तो नंबर बंद झाला. मग ग्रुप पेटला. कुणीतरी फोटोवर लाल गोल काढून 'या चोरापासून सावध' असं लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो अकोल्याच्या बाजारात पोचला. 'दिसला की हाणा' लिहिणारे आमचे वीर एरवी बांधावरच्या कुत्र्यालाही घाबरायचे.

फोटोतल्या माणसाला मी ओळखत होतो. शेंदूरजनाघाटला त्याची रोपवाटिका. आमची बाग त्याच्याच कलमांची. ठगाने त्याचा फोटो कुठूनतरी उचलला होता. संत्र्याची कलम खरी की खोटी हे झाड फळावर आल्यावर, काही वर्षांनी कळतं. तोवर गिऱ्हाईक कलमवाल्याच्या तोंडाकडे बघूनच पैसे देतं. त्या तोंडावरचा विश्वास गेला की धंदा बसला.

मी ग्रुपवर खुलासा टाकला. दोन-तीन अंगठे आले. मग एकाने विचारलं, "एवढा पुळका काहून येऊन राहिला भाऊ? तुमचा हिस्सा हाय का त्याच्यात?" त्यावर हसणारे चेहरे मात्र भरपूर आले, आणि लाल गोलाचा फोटो पुन्हा फिरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती देताना एवढी मजा येत असेल हे मला ठाऊक नव्हतं. मला राग आला, पण राग टाइप करून काय होणार.

लागवडीच्या दिवसांत मी शेंदूरजनाघाटला गेलो. वाफे कलमांनी भरलेले होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही बोलत असताना चांदूर बाजारकडचे एक वयस्क बागायतदार आले. त्यांनी एक कलम हातात घेऊन मुळं बघितली, पसंत केली, आणि मग कलमवाल्याला निरखू लागले.

"तुमचा फोटू मोबाइलवर फिरून राहिला," ते म्हणाले.

"माहा फोटू चोरला, काका. मी कोनाले फसवलं नाई. मी तो माणूस नोहोय."

"आधार दाखवा."

कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशातच होतं. रोजच दाखवावं लागत असणार. काकांनी एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला, आणि चष्मा वर करून दोन्ही चेहरे बराच वेळ ताडून बघितले.

"तोच तं हाय," ते म्हणाले. कार्ड त्याच्या हातात देऊन ते कलम न घेताच गाडीकडे गेले.