सड्यावरचे मुठे

वडील हायवेच्या कामावर डांबर टाकायला जायचे. एकदा उकळत्या डांबराचं घमेलं पायांवर कलंडलं आणि ते कायमचे घरी बसले. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. लावणी उरकली की पुढं कुणाकडेच मजुरी नसायची. पीठ असेल तर भाकरी, नसेल तर नुसते उकडलेले मुठे. मुठे म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे. लोक हौसेनं खातात. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही खायचो, आणि त्यातले मोठे आई विकायची.

वाडीच्या डोक्यावर कातळाचं सपाट पठार आहे, त्याला सडा म्हणतात. पावसात तिथल्या खळग्यांत पाणी साचतं आणि कातळाच्या भेगांत मुठे बसलेले असतात. आई आणि मी सकाळी धुक्यातच वर जायचो. काठीच्या टोकाला गांडूळ बांधून भेगेत धरायचं, मुठ्यानं नांगीत पकडलं की सावकाश ओढायचं. मग टोपली घेऊन एसटीनं महाडचा बाजार.

"मावशी, टोपली नीट झाका," कंडक्टर म्हणायचा, "एक सुटला तर अख्खी गाडी सीटवर चढंल."

"चढूं दे की. तुझी उभी मानसं तरी बसतील," आई म्हणायची.

बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, कुठले आहेत? आई सांगायची, "नदीचे हायत, सावित्रीचे." सगळ्याच बायका तेच सांगायच्या. शेतातले म्हटलं तर लोकांना भातावर मारलेल्या औषधाची भीती. सड्यावरचे म्हटलं तर त्यात मांस कुठं असतं म्हणून पुढं जायचे. त्यामुळं महाडच्या बाजारातला प्रत्येक मुठा सावित्रीचाच असायचा.

नव्वदीच्या दशकात मी महाडला बी.एस्सी. करत होते. प्राणिशास्त्र शिकवणारे सर एकदा बाजारात आईच्या टोपलीपुढे थांबले. मी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. "कुठले?" त्यांनी आईला विचारलं. "नदीचे हायत सायेब, सावित्रीचे." त्यांनी निवडून निवडून मोठे नर घेतले आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात प्रकल्प वाटायचे होते. मी वर्गात उभी राहून म्हटलं, "सर, मला खेकड्यांचं वर्गीकरण घ्यायचंय."

सर हसले. "खेकडे पकडणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. पकडायचं तुझ्या घरचं काम आहे, ते तू कर. ओळखायचं आम्ही बघतो."

वर्ग हसला. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत मी 'मुठेवाली'. मला प्रकल्प मिळाला तो झुरळाचा. मी तो नीट केला, चांगले गुण घेतले आणि ते वाक्य जपून ठेवलं. लोक म्हणतात, असलं काही मनात ठेवू नये. मी ठेवलं. त्याच्यावरच मी पुढचं शिक्षण केलं.

एम.एस्सी.ला मुंबईत गेले तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधाचा विषय विचारला. मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सावित्रीच्या वरच्या खोऱ्यातले खेकडे. तोवर कोकण रेल्वे सुरू झाली होती. वीरला उतरायचं, रिक्षानं महाड, पुढं एसटी, आणि बरण्या घेऊन नदीत उतरायचं. नदीच्या पात्रात दगडांखाली राहतात ते वेगळे, पसरट पाठीचे. भाताच्या बांधात बिळं करतात ते काळपट, जाड नांगीचे. सड्यावरचे त्याहून लहान, तांबूस. पण रंगावर जाऊन चालत नाही. खेकड्याचं कूळ ठरतं ते जबड्याला चिकटलेल्या बारीक काठीच्या टोकावरून. तिला दोन फाटे आहेत की एकच, ते बघायचं. आणि जात ठरते नराच्या पोटाच्या झापेखाली लपलेल्या पहिल्या जोडपायांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाय मी इतके पाहिले की डोळे मिटले तरी दिसायचे.

सड्यावरची जात मला नदीत कुठंच सापडली नाही. त्यालाही कारण आहे. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं पाण्यावर तरंगत लांब जातात. गोड्या पाण्यातली मादी पिल्लं पोटाखालीच वाढवते, तिथूनच ती चालायला लागतात. सड्यावरचा मुठा पिढ्यानपिढ्या सड्यावरच राहतो.

पण सरांचं एक छापील पुस्तक होतं, आमच्याच भागातल्या खेकड्यांवर. त्यात हीच जात होती आणि अधिवास लिहिला होता, सावित्रीचं पात्र. नमुने स्वतः पात्रातून गोळा केले, असंही लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "छापलेली नोंद चूक असेल तर ती का चुकली हे दाखव. नाहीतर मी प्रबंधावर सही करणार नाही."

मी महाडला कॉलेजात जाऊन सरांच्या नमुन्यांची बरणी पाहिली आणि तिथंच हसू आलं. सगळ्या नरांच्या मोठ्या नांगीचं हलतं बोट, म्हणजे चिमट्याचा उघडझाप करणारा भाग, आखूड होतं. पुस्तकात तर ती जातीची खूणच दिली होती, 'हलते बोट आखूड व बोथट'. बाकीच्या गावांच्या बायका नांग्या केळीच्या सोपटानं बांधतात. आमच्या वाडीच्या बायका कोयतीच्या पाठीनं त्या बोटाचं टोक उडवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला चावत नाही. ते माझ्या आईच्या कोयतीचं काम होतं, आणि सरांनी त्याला जातीचं लक्षण केलं होतं.

अडचण एकच होती. हे सांगायचं तर आई बाजारात खोटं बोलायची, हेही सांगावं लागणार. घरी जाऊन मी तिला विचारलं.

"सांग की," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगतंय तेच त्याला सांगितलं. चष्मा लावून आलेला, त्यानं बघायचं व्हतं."

"चारचौघांत तुझं नाव येईल गं."

"येऊं दे. पण माल ताजा व्हता, ह्ये पन सांग गो. उगा शिळा म्हनतील."

त्याच हिवाळ्यात महाडला आमच्याच कॉलेजात प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं आणि अध्यक्ष सरच होते. माझं नाव मी स्वतः पाठवलं होतं. मॅडम मुंबईहून आल्या होत्या. मी टेबलावर दोन मुठे ठेवले. दोन्ही त्याच सड्यावरचे, एक अख्खा, एकाचं बोट कोयतीनं उडवलेलं. पोटाखालचे पाय पडद्यावर दाखवले, दोघांचे तंतोतंत सारखे.

"हे नमुने मी स्वतः पात्रातून काढलेत," सर म्हणाले.

"सर, ते तुम्ही महाडच्या बाजारातून घेतलेत. माझ्या आईच्या टोपलीतून. मी तिथं बसले होते. आई सगळ्यांना नदीचे म्हणून सांगायची, तुम्हालाही सांगितलं. आखूड बोट ही जातीची खूण नाही, आईनं ते तोडलंय. बरणी इथंच आहे, भिंगातून बघा. कड नैसर्गिक नाही, फुटलेली आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी खुसफुसलं, कुणीतरी हसलं. मॅडमनी बरणी मागवली, भिंग लावलं आणि ते सरांच्या हातात दिलं. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग भिंग मॅडमना परत दिलं. वर्गातल्या त्या हसण्याची मला तेव्हा आठवण आली आणि फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "हे मला आधी खाजगीत सांगायचं होतंस."

"सर, तुम्ही वर्गात बोलला होतात," मी म्हटलं, आणि चहा संपवला.

आईचा माल ताजा होता हे सांगायचं मात्र राहिलं, म्हणून ते प्रबंधात तळटीपेत लिहिलं. मॅडमनी ते वाचून खोडलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी सही केली. सरांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आखूड बोटाची ओळ गेली, अधिवास 'सडा' असा आला आणि ओळख पटवणारी म्हणून माझं नाव छापलं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात.