भाऊजींची गाडी आणि ताईचे कान

सकाळचे पावणेनऊ झाले असतील. अकोल्यात मी माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते आणि ताईचा फोन आला. "मंदे, हे गेले व," एवढंच म्हणाली. भाऊजी आंघोळ करून खुर्चीत बसले, चहा मागितला, चहा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी काही बोलायच्या आतच तिचं दुसरं वाक्य आलं, "आता गाडी कोन चालवन?" नवरा जाऊन तास झाला नाही आणि बाई गाडीचं विचारते, असं कुणालाही वाटेल. मला वाटलं नाही. दहा वर्षांपूर्वी ताईला लकवा झाला, उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. भाऊजींनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या त्या गाडीशिवाय तिला अमरावतीतलं घर सोडून कुठंही जाता येत नव्हतं. आता ती गाडी उभी राहिली की आपणही चार भिंतींत बसलो, हे तिला त्या तासाभरात पुरतं कळून चुकलं होतं.

भाऊजी जिनिंगमध्ये फिटर. उभी हयात सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात गेली, त्यात कान गेले. पण हात असे की बंद पडलेला पंखा त्यांच्याकडे पाहून आपणहून फिरायला लागावा. मी शाळेत मराठी शिकवायचे, वर्गात ओरडून ओरडून आवाज चढलेला, त्यामुळे आमचं बरं जमायचं. "मास्तरीणबाई, साऱ्या खानदानात तुमचंच बोलनं मले पुरं समजते," असं म्हणायचे. हे कौतुक होतं की टोमणा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मीही काही कमी नव्हते. भाऊजी म्हणून आदर ठेवायचा तो ठेवला, पण त्यांना सुनावायची एक संधी मी सोडली नाही.

गाडीची गोष्ट एका लग्नापासून सुरू होते. लकव्यानंतर दोन वर्षांनी अकोल्यात आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि ताईनं यायचा हट्ट धरला. आता आपल्याकडे बायका प्रवासाला निघायचं म्हटलं की आधीपासून पाणी तोडतात. रस्त्यात जायचं कुठं? धडधाकट बाई तरी कशीबशी निभावते, चाकाच्या खुर्चीतल्या बाईनं काय करायचं? ताईनं आदल्या दुपारपासून घोटभर पाणी घेतलं नाही. मंडपात अक्षता पडत होत्या आणि इकडे ती खुर्चीतच मान टाकून बेशुद्ध. सलाईन लावलं, डॉक्टर आम्हालाच रागावले. मी भाऊजींवर तोंडसुख घेतलं, "आणायचंच कशाला तिला? घरी नसती का राहिली?" दवाखान्याच्या बाकावर बसलेले भाऊजी म्हणाले, "मास्तरीणबाई, घरी तं ती रोजच राह्यते." तीन महिन्यांनी त्यांच्या अंगणात एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस उभी होती.

मी म्हटलं, भाऊजी, डोकं फिरलं का? लोक या वयात घराला रंग देतात, तुम्ही भंगार आणून दारात उभं केलं! त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं दाखवलं. सगळी बाकडी उपटून काढली आणि पहिल्यांदा बांधला तो संडास. ताईची खुर्ची आत फिरेल एवढा ऐसपैस, हाताशी धरायला दोन्हीकडे नळ्या, वर पाण्याची टाकी, गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याची टाकी. "आधी हे, मंग बाकीचं घर," असं त्यांचं म्हणणं. खुर्ची वर चढवायला जिनिंगमधली जुनी चेनपुली आणली, कापसाच्या गासड्या उचलणाऱ्या साखळीनं ताई वर जायची आणि दर वेळी "अव माय, पडतो मी!" म्हणून ओरडायची. आतमध्ये एक पलंग, एक गॅस, माझ्यासाठी एक घडीचं बाकडं. कागदपत्रांना मात्र गाडी बांधण्याइतकाच वेळ लागला.

पहिल्यांदा निघालो ते मोझरीला. आश्रमातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची ताईची फार दिवसांची इच्छा होती. अमरावतीहून तासाभराचा रस्ता, तरी ही बाई सवयीनं सकाळपासून कोरडीच. निघायच्या आधी भाऊजींनी तांब्याभर पाणी तिच्या पुढ्यात धरलं. "पी." ती म्हणाली, "नोको." "पी म्हनतो नं! हे सारं कायले केलं मंग?" ताईनं तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मी त्या दिवसानंतर त्या गाडीला भंगार म्हटलेलं नाही.

गाडी घरीच बांधलेली, तेव्हा दुरुस्तीही घरीच. गॅरेजवाला इंजिन बघेल, पण टाकीचा पंप, छताची गळती, खिडक्यांचे रूळ, हे कोण बघणार? आणि भाऊजींनी सुरुवातीलाच एक घोळ घालून ठेवला होता. उन्हापासून बचावासाठी बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्यामधे काहीतरी भरायचं असतं. जग थर्माकोल भरतं. भाऊजी जिनिंगचे, त्यांनी भरली रुई! "रुईसारखं थंड काई नाई. मी जलमभर पायली." मला तेव्हाच शंका आली होती, पण म्हटलं, असेल बाबा. दिवाळीच्या सुमारास मी तिकडे असताना ताई म्हणाली, "अवो, भिंतीत कोनीतरी कुरतडून राहिलं." भाऊजींनी प्लायवूडला कान लावला. त्या कानाला काय ऐकू येणार, कपाळ? "तुले भास होते," म्हणून मोकळे. तीन दिवस ताई सांगत राहिली. चौथ्या दिवशी तिनं डाव्या हाताचं बोट दाखवून जागाच सांगितली, "खिडकीखाली, कोपऱ्यातून वीतभर इकडे." वैतागून त्यांनी चार स्क्रू काढले. आत रुईचं मऊ अंथरूण आणि त्यात उंदराची सहा गुलाबी पिल्लं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. भाऊजी मात्र हसले नाहीत. प्लायवूड हातात धरून ताईकडे बघत राहिले, जशी काही ती त्यांना आजच पहिल्यांदा दिसली. त्या रुईच्या पुढं दोन गाद्या झाल्या, एकीवर मी अजून झोपते.

त्यानंतर त्या दोघांचं असं ठरूनच गेलं की ताईनं ऐकायचं आणि भाऊजींनी करायचं. गाडी सुरू केली की ताई डोळे मिटायची, मान थोडी कलती करायची. मग म्हणायची, "मागच्या चाकात चरचर हाय," किंवा "पंप हवा ओढून राहिला." भाऊजी खाली शिरायचे आणि ती सांगेल तिथंच दुखणं सापडायचं. लकव्यापासून तिला घरात कुणी काही विचारत नव्हतं. भाजीत मीठ किती, हेसुद्धा नाही. आता एवढा मोठा फिटर गाडीखालून डोकं बाहेर काढून विचारायचा, "आता सांग, गेलं काय?" आणि तिनं "गेलं" म्हटल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही. ताईचा चेहरा त्या वर्षांत भरून आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तरी मी शहाणपणा केलाच. मी निवृत्त झाले तेव्हा भाऊजींसाठी चांगलं कानाचं मशीन घेऊन अमरावतीला राहायला गेले. वाटलं, कुणीतरी या माणसाचा विचार करायला हवा ना! पहिल्या दिवशी त्यांनी चिमण्या ऐकल्या, कुकरची शिट्टी ऐकली, माझ्या बोलण्यावर कान झाकून घेतले. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं आणि ताई तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "बेल्ट वाजून राहिला." चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ताई जेवताना बोलत नाही. विचारलं तर म्हणाली, "मले काय होते? मी आता गाडीतलं सामान झाली. ठेवलं तथी राहाचं." दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींच्या कानात मशीन नव्हतं. "लय शिट्ट्या मारते थे. मले नाई जमत." मी आणताना तासभर तपासून आणलं होतं, शिट्टीचं नाव नव्हतं. मी अशी भडकले, विचारू नका. कदर नाही, अमुक नाही, तमुक नाही. त्यांनी मला अंगणात गाडीमागं नेलं आणि त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, चार दिवस मले सारं आयकू आलं. फक्त तिचा आवाज नाई आला." मी चहा टाकायला आत गेले.

गेल्या दिवाळीला गेले तर भाऊजी सणाच्या दिवशीही गाडीखाली. दाराची बिजागरी बदलली, खिडक्यांच्या रुळांत जाड लोकरी नमद्याची नवी पट्टी बसवली, सायलेन्सरचे रबर बदलले, टाक्यांचे पट्टे आवळले. एकेक नट काढून त्याखाली रबरी वायसर घालत होते, म्हणजे पत्र्यावर पत्रा वाजत नाही. मी रागावले, "भाऊजी, पुऱ्या थंड झाल्या." "उलीसंच राह्यलं," म्हणाले. त्यांना काही कळलं होतं का, छातीत दुखत होतं का, आम्हाला माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलंही नसतं... महिन्याभरानं ते गेले.

तेरवी झाली आणि ताईचा मुलगा, नितीन, बोलला. तो पुण्याला असतो, भला पोरगा आहे. "मावशी, आईला मी नेतो. लिफ्ट आहे, बाई ठेवू. गाडी मात्र विकावी लागेल, कोण सांभाळणार?" त्याचं काही चुकत नव्हतं. मी मान हलवणारच होते. तेवढ्यात ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "लिफ्टनं खाली येतो मी. मंग काय करू? पुन्हा वरती जातो." माझ्या मस्तकात काय शिरलं कोण जाणे, मी म्हणून बसले, "दोन महिने थांब नितीन. मी बघते गाडीचं." बोलले खरी, पण पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही मला माहीत नव्हतं.

अकोल्याच्या घराला कुलूप लावून मी अमरावतीला आले. स्वतःची लहान गाडी वीस वर्षं चालवली आहे, मिनीबस मोकळ्या मैदानावर आठवडाभर चालवून हातात आली. पण संडासात पाणीच येईना. ताई खुर्चीत बसून म्हणाली, "मोटर फिरून राहिली, पन हवा ओढून राहिली. खाली नळी फाटली असन." मी पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला फडकं बांधून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरले. तोंडावर माती, कोपर सोललं. पंपाखालचा पत्रा चार बोल्ट काढून उतरवला, खरंच नळीला चीर होती. नवी नळी, नवी क्लिप, पत्रा पुन्हा वर. संडासात धो धो पाणी आलं तेव्हा मी मॅट्रिक पास झाल्यासारखी ओरडले. ताई फक्त "बरं झालं" म्हणाली. ठरवलं, मोर्शीला माहेरी जायचं. भावाच्या बागेत मृग बहाराची संत्री उतरत होती.

निघालो. आरशात मला ताई दिसत होती. डोळे मिटलेले, मान कलती. दहा किलोमीटर झाले, वीस झाले. एक शब्द नाही. मी विचारलं, "काय व, झोपली काय?" "नाई. आयकून राहिली." दोन्ही बाजूंना बागा लागल्या, तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "काईच वाजून नाई राहिलं व मंदे. सारं करून ठेवलं त्यायनं. माह्यासाठी काईच नाई ठेवलं." आणि रडायला लागली. तेरवीला रडली नव्हती, स्मशानातून माणसं परत आली तेव्हा रडली नव्हती, ती आता माझ्या पाठीमागं हुंदके देत होती. मी स्टेअरिंग घट्ट धरून चालवत राहिले. तिला बाहेर काढलं खरं, पण तिचं तिथलं काम मी कुठून आणू?

एका खड्ड्यात गाडी आपटली. पाच-सात मिनिटांनी हुंदका मधेच थांबला. "थांबव!" ताई ओरडली. "थांबव गाडी! मागं, डाव्या अंगाले, खालून. पत्रा वाजून राहिला. बोल्ट ढिला हाय."

मी बाजूला घेऊन खाली शिरले. पंपाखालचा पत्रा होता, मी स्वतः बसवलेला. चारही बोल्टना रबरी वायसर परत लावायचेच राहिले होते, एक बोल्ट तर अर्धा बाहेर आलेला. माझ्या हातून बिघडलेलं काम आजवर कधी इतकं कामी आलं नसेल. पायातल्या जुन्या चपलेचं रबर कापून चार चकत्या केल्या आणि आवळायला लागले. वरून ताईचा आवाज आला, भाऊजींना द्यायची तसा, अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा खणखणीत, "सापडलं काय?"

मला पहिल्या हाकेलाच नीट ऐकू आलं होतं. तरी मी पाना हातात धरून पडून राहिले, आणि तिला अजून एकदा हाक मारू दिली.